संकलनाचे सॉफ्टवेअर वारंवार बंद पडते. अकरा दिवसांचे काम परत मिळेल का?

जत्रेकरू (प्रश्न)

नमस्कार. मी सिंधुदुर्गात राहतो. आमच्या गावच्या जत्रेतील दशावतारी नाटकाचे आम्ही तिघा मित्रांनी संपूर्ण चित्रीकरण केले. त्यासाठी दोन कॅमेरे, एक मोबाइल आणि ध्वनीसाठी स्वतंत्र रेकॉर्डर अशी मांडणी होती. नाटक रात्री उशिरा उभे राहिले आणि पहाटे दहीकाल्याने संपले, त्यामुळे टाइमलाइन (संकलनात ओळीने लावलेल्या क्लिपांची मांडणी) पाच तासांच्या पुढे गेली आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते रंगमंचावरच सुचतात. त्यामुळे कोणत्या क्षणी बोलणाऱ्याचा चेहरा दाखवायचा आणि कोणत्या क्षणी ऐकणाऱ्याचा, हे प्रत्येक प्रसंग दोन-तीनदा पाहिल्याशिवाय ठरत नाही. मी अकरा दिवस रोज रात्री हेच काम करत होतो.

संकलनाचे सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून दिवसातून चार-पाच वेळा कोणताही संदेश न देता बंद पडत असे. विशेषतः मोबाइलच्या लांब क्लिपवरून कर्सर भराभर मागेपुढे नेला की ते हमखास बंद पडे. म्हणून दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय मी हाताला लावून घेतली होती. परवा मात्र सेव्ह होत असतानाच खिडकी गोठली आणि सॉफ्टवेअर बंद झाले. पुन्हा उघडल्यावर ‘फाइल वाचता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. पूर्वी ही प्रोजेक्ट फाइल साधारण 1.8 एमबीची होती, ती आता 640 केबीची दिसते.

सॉफ्टवेअरचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की चर्चा ‘ते टाका आणि हे घ्या’ या वळणावर जाते, आणि मला तूर्त काम परत हवे आहे. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि त्याची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत वाचता येईल असा मजकूर दिसतो. संगणक विंडोजचा असून रॅम 16 जीबी आहे. आणखी एक गोष्ट, कदाचित असंबद्ध असेल: लांब क्लिपांच्या शेवटाकडे चित्र आणि आवाज जुळत नाहीत. झांज वाजलेली ऐकू येते आणि हात नंतर एकत्र येतात.

रात्रपाळी

सर्वप्रथम ती 640 केबीची फाइल आणि तिचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नकलून ठेवा, आणि यापुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवरच करा. मूळ फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर पुन्हा उघडू नका, कारण काही सॉफ्टवेअरे ठरावीक संख्येनेच आपोआप प्रती ठेवतात आणि नवी प्रत लिहिताना सर्वांत जुनी पुसून टाकतात. घाबरून दहा वेळा उघडझाप करणाऱ्याच्या हातून नेमकी कामाची प्रत जाते. माझ्या हातून एकदा गेली आहे.

तुमचे चित्रीकरण सुरक्षित आहे, हे आधी मनाशी पक्के करा. संकलनाची प्रोजेक्ट फाइल म्हणजे केवळ निर्णयांची वही असते. अमुक क्लिप अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत घ्यावी आणि तमुक पट्टीवर (ट्रॅकवर) ठेवावी, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. त्यामुळे ती लहान असते आणि तिच्या अनेक प्रती सहज ठेवता येतात.

नाव दिले नसल्यामुळे मी संकलनाच्या चार सॉफ्टवेअरांची पद्धत सांगतो, पुढे येणाऱ्या वाचकांनाही ती उपयोगी पडेल. केडेनलाइव्हमध्ये जुनी प्रत उघडण्यासाठी मेनूतच ‘ओपन बॅकअप फाइल’ असा पर्याय असतो. शॉटकटमध्ये सेटिंग्जमधून ॲप डेटाचे फोल्डर उघडले की आत ‘ऑटोसेव्ह’ नावाचे फोल्डर सापडते. प्रीमियर प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच ऑटो-सेव्हचे फोल्डर तयार करते. दाव्हिंची रिझॉल्व्ह प्रोजेक्ट सुट्या फाइलऐवजी डेटाबेसमध्ये ठेवते, त्यामुळे तिथे प्रोजेक्ट मॅनेजरमधून बॅकअपची यादी पाहावी लागते. तुमचे सॉफ्टवेअर यांपैकी असो वा नसो, गेल्या तीन दिवसांत बदललेल्या आणि 1 ते 2 एमबी आकाराच्या फाइली संपूर्ण सी ड्राइव्हवर शोधा. लपवलेली फोल्डरे दिसतील अशी सोय आधी करून घ्या.

प्रत सापडली नाही, तरी 640 केबी म्हणजे शून्य नव्हे. नकलेची फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटपर्यंत जा. आत नुसती रिकामी जागा असेल तर आशा सोडावी लागेल. मजकूर व्यवस्थित चालत येऊन मध्येच एखाद्या शब्दावर तुटला असेल, तर तेवढा भाग जिवंत आहे. अशा फाइलींत बहुधा आधी क्लिपांची माहिती, मग पट्ट्या आणि सर्वांत शेवटी त्या पट्ट्या एकत्र बांधणारा भाग असतो. जुन्या चांगल्या प्रतीतून तो शेवटचा भाग उचलून जोडला, उघडे राहिलेले कंस आणि खुणा बंद केल्या, की फाइल पुष्कळदा उघडते. चिकाटीचे काम आहे, पण अकरा रात्रींपेक्षा खचितच कमी.

आता कारणाविषयी. झांजेची जी गोष्ट तुम्ही असंबद्ध म्हणून लिहिली, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोबाइल बहुधा ठरावीक गतीने चित्रे टिपत नाही. उजेड कमी झाला किंवा यंत्र तापले की सेकंदाला 30 ऐवजी 24 किंवा 27 चित्रे असे काहीही होते. अशा बदलत्या गतीच्या क्लिपवर उडी मारताना सॉफ्टवेअरला नेमके चित्र शोधावे लागते आणि तिथेच ते अडखळते. मीडियाइन्फो हे विनामूल्य साधन घ्या आणि मोबाइलची फाइल त्यात उघडून ‘फ्रेम रेट मोड’ या ओळीपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिले आहे का ते पाहा. तसे असेल तर क्लिपची प्रॉक्सी (कामापुरती हलकी नक्कल) तयार करून तिच्यावर काम करा, त्रास संपेल.

ध्वनिवेडा

रात्रपाळी यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण दोन ठिकाणी थांबवतो.

पहिले म्हणजे, आवाज सरकतो एवढ्यावरून बदलती गती सिद्ध होत नाही. रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळे वेगवेगळी असतात. त्यांच्यात दहा लाखांत 20 भागांचा फरक असला, तरी दोन तासांत म्हणजे 7200 सेकंदांत 0.144 सेकंदाचा फरक पडतो, आणि सेकंदाला 25 चित्रे धरली तर तो साडेतीन चित्रांहून थोडा अधिक भरतो. झांजेसारख्या टोकदार आवाजाला एवढा फरक डोळ्यांना सहज खटकतो, हार्मोनियमच्या सुराला मुळीच खटकत नाही. म्हणून जत्रेकरू यांनी प्रत्येक क्लिप स्वतंत्रपणे तपासावी. आवाज सरळ रेषेत, वेळेच्या प्रमाणात सरकत असेल तर दोष घड्याळांचा आहे आणि रेकॉर्डरचा ट्रॅक किंचित ताणून तो दूर होतो. मध्येच जुळून पुन्हा सुटत असेल तर मात्र दोष मोबाइलच्या गतीचा आहे. शक्य असेल तर मोबाइलची क्लिप तिच्या स्वतःच्याच आवाजासह पाहा, म्हणजे रेकॉर्डर हिशोबातून बाद होईल.

दुसरे प्रॉक्सीविषयी. प्रॉक्सीमुळे काम करताना हलकेपणा येतो हे खरे, परंतु शेवटच्या रेंडरच्या (तयार व्हिडिओ फाइल काढण्याच्या) वेळी सॉफ्टवेअर पुन्हा मूळ फाइलकडेच जाते. रोग मूळ फाइलमध्ये असेल तर तो तिथे पुन्हा डोके वर काढेल, आणि तेही पहाटे तीन वाजता, रेंडर 80 टक्क्यांवर आलेला असताना. बदलत्या गतीची क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधीच स्थिर गतीत रूपांतरित केली पाहिजे. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ विभागात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून ते होते. एफएफएमपेग हे आज्ञा टाइप करून चालवायचे साधन वापरता येत असेल तर थेट प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संकलनाला सोयीच्या स्वरूपात न्यावे, कारण त्यांत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले असते. मोबाइलच्या एच 264 फाइलीत एक पूर्ण चित्र आणि त्यामागून नुसत्या फरकांची रांग असते. त्यामुळे मधल्या कुठल्याही चित्रावर जायचे, तर आधीच्या पूर्ण चित्रापासून हिशोब मांडत यावे लागते. कर्सर भराभर हलवल्यावर तुमचे सॉफ्टवेअर का कोलमडते, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

जागेचा हिशोब मात्र आधी करा. प्रोरेस 422 हे 1080 पी आणि 25 चित्रांच्या गतीला सेकंदाला सुमारे 122 मेगाबिट घेते, म्हणजे तासाला साधारण 55 जीबी. त्याचाच ‘एलटी’ हा प्रकार सुमारे 38 जीबीत भागतो. मोबाइलच्या मूळ क्लिपेतून एवढीही गुणवत्ता काढता येणार नाही, तेव्हा एलटी पुरेसे आहे.

जत्रेकरू

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे एकेक पाऊल टाकत गेलो.

ऑटोसेव्हची प्रत सापडली, पण ती चार दिवसांपूर्वीची निघाली. कारण शरमेचे आहे. सारखे दोन सेकंद अडखळते म्हणून मीच मधल्या काळात ती सोय बंद केली होती आणि हाताने सेव्ह करण्यावर विसंबलो होतो. मग तुटलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली. मजकूर एका क्लिपच्या नावाच्या मध्यावर, ‘संकासूर_कॅम’ या अक्षरांवर तुटला होता (संकासूर हे नाटकातले पात्र). त्याआधीचा सगळा मजकूर शाबूत होता. जुन्या प्रतीतून शेवटचा भाग जोडला. पहिले तीन प्रयत्न फसले, कारण एका पट्टीचा क्रमांक दोनदा येत होता. चौथ्या वेळी फाइल उघडली. तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीवर शेवटच्या तासात केलेले कट गेले आहेत, बाकी काम जसेच्या तसे आहे. टाइमलाइन पडद्यावर पसरलेली पाहून मी घरच्यांना झोपेतून उठवले, एवढेच सांगतो.

झांजेचीही परीक्षा घेतली. दोन्ही कॅमेऱ्यांवर आवाज अगदी सावकाश आणि एकाच दिशेने सरकतो, दोन तासांच्या शेवटी तीन चित्रांइतका. मोबाइलवर मात्र तो पहिल्या वीस मिनिटांत जुळलेला असतो, मग सुटतो आणि पुन्हा जवळ येतो. मीडियाइन्फोत ‘व्हेरिएबल’ हाच शब्द आहे. म्हणजे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले होते.

एक प्रश्न उरतो. मोबाइलच्या क्लिपा वगळून पाहिले तरी काल एकदा सॉफ्टवेअर बंद पडलेच. याचा अर्थ आणखी काही बिघडलेले आहे का?

जुने रीळ

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेच्या नोंदी पाहा. 1000 क्रमांकाची नोंद असेल तर सॉफ्टवेअर कोणत्या घटकात कोसळले त्याचे नाव तिथे मिळेल. 4101 क्रमांक असेल तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला, असा त्याचा अर्थ आहे. कार्ड एखाद्या कामात दोन सेकंदांहून अधिक काळ अडकले की विंडोज मूळ मांडणीनुसार असे करते. जड परिणाम (इफेक्ट) लावलेल्या लांब टाइमलाइनवर ते सहज घडते. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर खेळांसाठीच्या ‘गेम रेडी’ ड्रायव्हरऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घालून पाहा. कोणतीही नोंद नसेल आणि बंद पडण्याला काही ताळतंत्र नसेल, तर एक रात्र मेमटेस्ट86 चालवून रॅम तपासा. माझ्या ओळखीत तीन महिने सॉफ्टवेअरला शिव्या देऊन शेवटी रॅमची एक पट्टी सदोष निघाल्याचे उदाहरण आहे.

पण मला खरे बोलायचे आहे ते पाच तासांच्या एकाच टाइमलाइनविषयी. मी फिल्म कापायला शिकलो त्या काळात संपूर्ण चित्रपट एका तुकड्यात कुणीच हाताळत नसे, आणि तसे शक्यही नव्हते. 35 एमएमचे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. काम रिळावार चाले आणि एक रीळ बिघडले तरी बाकीची कपाटात सुखरूप असत. संगणक आल्यावर ही मर्यादा गेली, आणि तिच्याबरोबर आपोआप मिळणारे संरक्षणही गेले. तुमच्या नाटकाला तर स्वाभाविक तुकडे आहेत. पूर्वरंग वेगळा, आख्यानाचा एकेक प्रवेश वेगळा आणि दहीकाला वेगळा. प्रत्येकाची स्वतंत्र प्रोजेक्ट फाइल करा, पूर्ण झालेला प्रवेश प्रोरेसमध्ये काढून ठेवा आणि शेवटी ते तयार तुकडे एका साध्या टाइमलाइनवर ओळीने लावा. त्या शेवटच्या टाइमलाइनवर सॉफ्टवेअरला फारसे कष्टच पडणार नाहीत.

सेव्ह करण्याविषयी तुमची समजूत थोडी चुकीची होती. एकाच नावावर शंभर वेळा सेव्ह केले तरी प्रत एकच राहते, आणि ती लिहिताना घात झाला तर तीही जाते. नीट बांधलेले सॉफ्टवेअर आधी नवी फाइल वेगळ्या नावाने पूर्ण लिहिते आणि मगच जुनीच्या जागी ठेवते. तुमचे तसे करत नाही, हे आता उघड झाले आहे. दर तासाला ‘सेव्ह ॲज’ करून नावापुढचा आकडा वाढवत चला. दिवसाच्या शेवटी सॉफ्टवेअर देत असेल तर ईडीएल, म्हणजे कटांची यादीही काढून ठेवा. सीएमएक्स 3600 हा तिचा साचा फार जुना आहे. त्यात परिणाम आणि रंग यांची माहिती येत नाही आणि पट्ट्याही मोजक्याच मावतात, परंतु कोणता तुकडा कुठून कुठवर घेतला हे साध्या मजकुरात राहते आणि दुसऱ्या अनेक सॉफ्टवेअरांना ते वाचता येते. ऑटोसेव्ह तर आधी सुरू करा. दोन सेकंदांचा अडथळा सोसा.

जत्रेकरू

नोंद 4101 चीच निघाली, कालच्या वेळेशी मिनिटागणिक जुळणारी. ड्रायव्हर बदलला आहे; आज संध्याकाळपासून चार तासांत एकदाही बंद पडले नाही, पण एवढ्यावर हुरळून जात नाही. मोबाइलच्या क्लिपा एलटी स्वरूपात काढायला लावल्या आहेत, त्याला उद्या दुपार होईल. तोवर पूर्वरंगाची वेगळी फाइल केली आहे आणि तिचे नाव ‘पूर्वरंग_01’ ठेवले आहे. हे लिहीपर्यंत ती ‘पूर्वरंग_04’ झाली. संकासुराच्या प्रवेशाची जी सात मिनिटे गेली, ती आज रात्री पुन्हा कापायला बसतो.