मदत हवी आहे: शीतगृहात हळद आहेच, वर वायद्यात अजून घ्यावी का?

चिंचलीकर:
नमस्कार मंडळी. गाव रायबाग तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात. घरची शेती थोरला चुलतभाऊ बघतो. दादाची यंदाची ६० क्विंटल हळद, सगळी हळकुंडं, सांगलीत शीतगृहात आहे. सौद्यात क्विंटलला १४ हजार बोलले तेव्हा त्यानं दिली नाही, "आषाढ सरू दे, वर जाईल" म्हणाला. अडत्याची उचल घेतलीय, तिचं व्याज चालू आहे. इथवर आमच्याकडे नवीन काही नाही, गावात निम्म्यांची हळद अशीच थांबलेली असते.

आता चिकोडीचा एक जण दादाच्या मागे लागलाय. म्हणतो, लागण कमी झालीय, वायद्यात, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यात, एक लॉट घेऊन ठेवा, ८४ हजार लावायचे आणि ७ लाखांची हळद तुमच्या नावावर. दादाचं उत्तर ठरलेलं: "हळदीचा भाव मला नाही कळणार तर कुणाला? माल तर माझ्याकडं हायच की."

मला हे बरोबर वाटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते दादाला पटेल असं सांगता येत नाहीये. शेअरमधलं थोडं कळतं, वायद्यातलं नाही. जाणकारांनी सांगा. दुसरं, वायदा घ्यायच्या ऐवजी विकला तर फायदा होतो म्हणतात, ते काय आहे?

गणपतीपेठ:
चिंचलीकर, दादांना एवढंच विचारा, उद्या भाव २ हजारांनी पडला तर काय? शीतगृहातल्या मालात १ लाख २० हजार गेले. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर हळदीचा लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल, तिथं आणखी १ लाख. ज्याच्याकडे माल पडून आहे तो आधीच तेजीत बसलेला असतो. त्यानं वायदा घ्यायचा म्हणजे एकाच बैलावर दोन गाड्यांचं ओझं.

आणि मालातला तोटा गप बसतो, वायद्यातला बसत नाही. रोज संध्याकाळी हिशेब होतो, भाव २८० रुपयांनी उतरला की १४ हजार त्याच दिवशी खात्यातून वजा. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवलेली अनामत, कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी भरायचं, नाही भरलं तर दलाल सौदा कापून, म्हणजे बंद करून, मोकळा. ८४ हजार ही काही तोट्याची हद्द नाही, ती आत शिरायची रक्कम आहे. त्यात खालचं सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडायची हद्द, लागलं की घेणारा कुणी नसतो, विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. बाजार फार हलायला लागला की एक्स्चेंज आणखी जादा मार्जिन लावतं, ते वेगळंच.

"भाव मला कळतो" याबद्दल. दादांना सांगलीचा भाव कळतो, आपल्या राजापुरी हळदीचा कळतो. वायदा आहे निजामाबादच्या मालावर. तिथली आवक आणि हिंगोली-नांदेडकडचा पाऊस यावर तो हलतो, रायबागात काय पडलं याला तिथं कोण विचारत नाही. हळद वर्षातून एकदा येणारं पीक, लागण मे-जूनात, नवा माल जानेवारी-फेब्रुवारीपासून. मधल्या महिन्यांत पेरा किती आणि जुना माल किती उरला, यावर नुसत्या बातम्या फिरतात, आणि वायदा त्या बातम्यांवरच उड्या मारतो. कित्येकदा सांगलीचा सौदा जागचा हलत नाही आणि वायदा मात्र पाऊस झाला म्हणून सर्किटला.

भाव किती पडू शकतो म्हणाल तर जुन्या माणसांना विचारा. २०१० च्या शेवटी १५ हजारांच्या वर गेलेली हळद २०१२ मध्ये ४ हजारांच्या आसपास आली होती. "अजून वर जाईल" तेव्हाही सगळे म्हणतच होते.

निपाणीवाला:
आणखी एक. सरकार मध्येच वायदे बंद करतं ते धरा. २० डिसेंबर २०२१ ला सेबीनं, म्हणजे बाजाराच्या नियामकानं, सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, भात, पामतेल यांचे नवे सौदे थांबवले. जे होते ते फक्त कापायला परवानगी. मुदत पुढं वाढवतच नेली. हळद त्या यादीत नव्हती, पण आमच्याकडे सोयाबीनच जास्त, त्यामुळे लक्षात राहिलं.

चिंचलीकर:
गणपतीपेठ काका, आकडे मांडल्यावर डोक्यात शिरलं. मग विकायचं ते कसं? दादा माल विकायचा थांबलाय, तर वायदा विकून ठेवायचा का?

गणपतीपेठ:
तेच खरं हेजिंग, म्हणजे मालातला तोटा वायद्यातून भरून काढायची सोय. १४ हजारांना एक लॉट विकला आणि भाव १२ हजार झाला, तर मालात गेले ते बहुतेक वायद्यात परत आले. पण उलटं झालं तर? भाव १६ हजार झाला तर मालात १ लाख २० हजार वाढले, वायद्यात १ लाख द्यायचे. कागदावर तुम्ही फायद्यात. पण वाढलेले पैसे शीतगृहात, द्यायचे पैसे रोख आणि रोज. उचल घेऊन बसलेला माणूस ते आणणार कुठून? चढत्या बाजारात हेज केलेलेच लोक मार्जिनअभावी मध्येच बाहेर पडतात, आणि मग भाव पडतो. शिवाय राजापुरी आणि निजामाबाद यांच्या भावातलं अंतर कायम सारखं राहत नाही. डिलिव्हरी द्यायची तर माल एक्स्चेंजच्या गोदामात, त्यांच्या तपासणीतून पास करून द्यावा लागतो, सांगलीच्या शीतगृहातून चिठ्ठी फाडून होत नाही. म्हणून मुदत संपायच्या आधी सौदा कापायचा. हाताशी मोकळे दोन-अडीच लाख नसतील तर तेही नको.

अथणीची_आक्का:
हे सगळं ठीक हो, पण त्या चिकोडीवाल्याची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची अधिकृत पावती, येते का? खातं दादाच्या नावावर उघडलंय का? पैसे कशातून घेतो?

चिंचलीकर:
आत्ताच फोन लावला. दादानं २० हजार रोख देऊन टाकलेत "बयाणा" म्हणून! खातं काही उघडलेलं नाही. सौदा केला की व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो येणार म्हणे, हिशेब दर शनिवारी.

अथणीची_आक्का:
मग वायदा-बियदा सोडाच, हा डब्बा आहे. सौदा एक्स्चेंजवर जातच नाही, त्याच्या वहीत राहतो. नोंदणीकृत दलालाला गिऱ्हाइकाकडून रोख घेता येत नाही, काँट्रॅक्ट नोट २४ तासांत द्यावीच लागते. तुम्ही जिंकलात की हा फोन उचलायचा नाही, हरलात की वसुलीला दारात. सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रारही चालणार नाही, कारण एक्स्चेंजच्या लेखी सौदाच झालेला नाही. आणि डब्ब्यात खेळणं हाही गुन्हाच, हे दादाला स्पष्ट सांगा. अजून सौदा लिहिला नसेल तर गावातले दोन जाणते सोबत घेऊन जा, २० हजार मागून आणा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका.

चिंचलीकर:
सौदा अजून नाही, त्यामुळे रविवारी मीच येतो गावी. उचलीचं व्याज खातंय म्हणूनच दादाला हे सुचलं असावं. त्यावर काही करता येईल?

गणपतीपेठ:
तुमचं शीतगृह डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे गोदामांच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेलं आहे का ते विचारा. असेल तर ऑनलाइन गोदाम पावतीवर बँक कर्ज देते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान शेतकऱ्याला त्यावर काही महिने व्याजसवलतही आहे. नोंदलेलं नसेल तर सरळ २५-३० क्विंटल सौद्यात काढा, उचल फेडा, उरलेली थांबवा. येताना अडत्याकडची उचलीची नोंद आणि शीतगृहाची पावती दोन्ही घेऊन पेठेत या, बसून हिशेब घालू.