शुल्क लावायचं कुणावर?

देशी जहाजबांधणी वाचवायला ‘परदेशी जहाजांवर अँटी-डम्पिंग शुल्क (पडेल भावात विकलेल्या आयात मालावरचा जादा कर) लावा’ असं म्हटलं जातं; ते ऐकायला बरं वाटतं, पण जहाज इतर मालासारखं आयात होतच नाही ना! मालक एका देशातला, नोंदणी पनामा किंवा लायबेरियात, बांधणी तिसरीकडेच. कस्टमवाले शुल्क घेणार कुणाकडून? ही पळवाट बुजवायला १९९४ चा ओईसीडी (विकसित देशांची संघटना) करार झाला होता: पडेल भावात जहाज विकलं तर दंड थेट ते बांधणाऱ्या यार्डाला, म्हणजे जहाज कारखान्याला. अमेरिकेने मंजुरी दिली नाही, करार बारगळला. तिचा स्वतःचा १९२० चा जोन्स कायदा मात्र शाबूत आहे. देशांतर्गत सागरी वाहतुकीला देशातच बांधलेलं जहाज हवं. यार्डं तगली खरी, पण त्यांची जहाजं कोरियन जहाजांच्या कित्येक पट महाग. त्यापेक्षा जहाज घेणाऱ्या ग्राहकाला स्वस्त कर्ज द्या, तीही सवलत ठरावीक मुदतीपुरतीच. चिनी यार्डांना सरकारी बँकांचा हात आहे तो अशाच कर्जांतून.