पक्ष्याच्या नोंदीवर शंका घेतली गेली, उत्तर कसे द्यावे? (मदत हवी आहे)

रानवाट: नमस्कार. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात मी रविवारची एक नोंद कळवली. तिच्याखाली एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांदेखत "पुरावा?" एवढेच लिहिले आणि पाठोपाठ आणखी दोघांनी तोच प्रश्न केला. मी खोटे बोलते आहे, असेच त्यांना सुचवायचे असावे. गट सोडायची इच्छा नाही, परंतु हे निमूटपणे ऐकून घेणेही जमत नाही. आज रात्री उत्तर द्यायचे आहे, तरी काय लिहावे ते लवकर सांगावे.

पाणकाठ: पक्षी कोणता, ठिकाण कोणते, छायाचित्र आहे का? आपण यांपैकी काहीच लिहिलेले नाही.

उंबरछाया: पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने आवाजावरून दिलेली ओळख जोडून द्यावी. माझ्या गटात त्यानंतर कोणीही वाद घालत नाही.

रानवाट: पक्षी बेसरा (लहान शिकारी पक्षी), ठिकाण ताम्हिणी घाट. छायाचित्र नाही. माझी तक्रार भाषेबद्दल असल्यामुळे हे तपशील दिले नव्हते. गळ्यावरची मधली रेघ मी दुर्बिणीतून स्वतः पाहिली आणि ॲपनेही बेसराच दाखवला.

कातळमाथा: तपशिलांचा संबंध आहे. बेसऱ्यासारखाच दिसणारा शिकारी पक्षी म्हणजे शिक्रा, आणि त्याच्या गळ्यावरही रेघ असते. प्रौढ पक्ष्यात ती फिकट असते, पण कोवळ्या शिक्र्यात बरीच स्पष्ट दिसते, आणि त्यामुळे अनुभवी माणसेही फसतात. छातीवरच्या रेषा किती दाट होत्या आणि पक्षी प्रौढ होता का, हे लिहिल्याशिवाय केवळ रेघेवरून बेसरा ठरत नाही. ॲपचेही तसेच आहे, ते आवाजावरून ओळखते: भृंगराज हा पक्षी इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतो, आणि शिक्र्याची नक्कल तर कोतवाल पक्षीही करतो.

पाणकाठ: ओळखीचे मान्य आहे. तथापि "पुरावा?" या एका शब्दाऐवजी "अधिक वर्णन देता का?" असे लिहायला कितीसा वेळ लागला असता? वयाने मोठे असणे म्हणजे तुटक बोलण्याचा परवाना नव्हे.

कातळमाथा: शंका घेणे हे या छंदाचे कामच आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे पाहा. 1884 नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळालेला नव्हता. ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी 1914 चा म्हणून दाखवलेला नमुना चोरलेला होता आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद तपासून बाजूला काढली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेतला, तेव्हा 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, तो पक्षी पुन्हा सापडला.

रानवाट: म्हणजे आपणही मला त्याच पंक्तीत बसवत आहात का?

कातळमाथा: मुळीच नाही. उदाहरण नोंद तपासण्याच्या पद्धतीचे होते. परंतु ते आपल्याला टोचणे स्वाभाविक आहे. येथे ते द्यायला नको होते.

शेवरी: 8×42 ची दुर्बीण घ्यावी. 10×50 जड पडते आणि हात हलतो.

पाणकाठ: दुर्बिणीचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. रानवाट, ते ज्येष्ठ सभासद इतरांच्या नोंदींवरही असेच लिहितात का?

रानवाट: होय. मागे एका डॉक्टरांच्या ससाण्याच्या नोंदीवर त्यांनी हाच शब्द लिहिला होता. डॉक्टरांनी पंखांचे वर्णन दिले आणि विषय तेथेच संपला.

पाणकाठ: मग हा रोख आपल्यावर नाही, ती त्यांची लिहिण्याची सवय आहे. सवय चांगली नाही, हे माझे मत कायम आहे.

कातळमाथा: उत्तरात अंतर, प्रकाश, पक्षी किती वेळ दिसला, छातीच्या रेषा आणि शेपटीचे पट्टे लिहावेत. जे दिसले नाही, तेही लिहावे. त्यानंतर वेगळ्या वाक्यात "आपला प्रश्न मला अविश्वासासारखा वाटला" असे स्पष्ट सांगावे.

रानवाट: हे दुसरे वाक्य गटात लिहावे की त्यांना स्वतंत्रपणे?

पाणकाठ: वर्णन गटात द्यावे, कारण प्रश्न तेथे आला. वाईट वाटल्याचे त्यांना फोनवर सांगावे. लिहिल्यास पुन्हा सूर चुकेल.

रानवाट: छातीच्या रेषा नीट आठवतात, शेपटी मात्र पाहिली नव्हती. तसेच लिहिते.