‘येशू म्हणाला’ की ‘हजरत ईसा म्हणाले’?

वसईकर : आम्ही ख्रिस्ती, शेजारी मुस्लिम कुटुंब आहे, रोजचं जाणं-येणं. येशूसाठी त्यांच्या तोंडी ‘हजरत ईसा अलैहिस्सलाम’ (त्यांना शांती लाभो), माझ्या तोंडी ‘येशू म्हणाला’. परवा तिथल्या आजींनी विचारलं, ‘तुमच्याच पैगंबरांना तुम्ही अरेतुरे करता?’ काय सांगावं?

पोथीवाला : सांगा, मराठी बायबलाच्या जुन्या, रूढ भाषांतरात येशूची क्रियापदं एकेरीच आहेत. विठूला एकेरीत हाक मारणाऱ्या भाषेत हा जिव्हाळा आहे, पण उर्दूच्या अदबीत वाढलेल्या कानाला तो उद्धटपणा वाटणारच. त्यांच्याशी बोलताना ‘येशू म्हणाले’ म्हणा, काही बिघडत नाही. आणि पैगंबरसाहेबांचा, म्हणजे हजरत मुहम्मदांचा, उल्लेख मात्र कधीही एकेरीत नको.

शब्दखोर : ‘ईसा’ हे कुराणातलं रूप. अरबी बोलणारे ख्रिस्ती ‘यसूअ’ म्हणतात. देवाला मात्र तेही ‘अल्लाह’च म्हणतात, त्यांच्या बायबलातही तेच. ‘ख्रिस्त’ ग्रीक, ‘मसीह’ सेमिटिक, अर्थ दोन्हींचा ‘अभिषिक्त’. कुराणातही ईसांना ‘मसीह’ म्हटलं आहे.

वसईकर : म्हणजे शब्द जुळले की अर्थही जुळला?

शब्दखोर : छे! ‘इंजील’ घ्या. त्यांच्या लेखी ईसांवर उतरलेला तो एक ग्रंथ, आपल्याकडे चौघांनी लिहिलेली चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं जीवन सांगणारी बायबलातली पुस्तकं. त्यामुळे ‘खरी इंजील कोणती?’ हा प्रश्न येतोच, त्यात खोडी नसते. ‘देवाचा पुत्र’ तर त्याहून अवघड. ऐकणाऱ्याला तिथे शरीराचा जन्म दिसतो, आणि देव कोणाला जन्म देत नाही, हे कुराणाच्या 112व्या सूरेत (अध्यायात) स्पष्ट आहे. असा जन्म आम्हीही मानत नाही, एवढं आधी सांगून टाका. त्यानंतरही मतभेद उरतो. येशू क्रुसावर मेला की नाही, याबद्दलही उरतो. तो झाकून गोडगोड बोलणं मला पटत नाही.

बावखळ : आजींशी बोलायचंय ना? मग येशूच्या आईपासून, मरियमपासून सुरुवात करा. कुराणात नावानिशी आलेली ती एकमेव स्त्री, 19वी सूरा तिच्याच नावाची. आमच्या आळीत या विषयावर तासभर गप्पा रंगतात.

वसईकर : हे बेस. आणि उपवासाला ‘रोजा’ म्हटलं तर?

पोथीवाला : त्यांच्या उपवासाला म्हणा. आपला प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, वेगळा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, असा नियम आपल्याला नाही. 2025 साली आपल्या देशात रमजान 2 मार्चला लागला, आणि आपला प्रायश्चित्तकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार 5 मार्चला. त्या महिन्यात दोन्ही घरांत उपवासाचाच विषय होता.

बावखळ : नाताळचा केक देताना मात्र त्यात रम नाही ना, ते बघा. असेल तर त्यांच्यासाठी वेगळा भाजा.