माझी गोदू लाजत नाही (ओसीबद्दल विचारायचं होतं)

आडवा_धागा
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. रात्रीचे साडेअकरा झालेत आणि हे आत्ता विचारलं नाही तर उद्या मी ग्रुप सोडून मोकळी होईन.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर आमचा एक मराठी आरपी सर्व्हर आहे, म्हणजे रोलप्लेचा ग्रुप: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट लिहीत जायची. तेरा-चौदा जण, निम्मे इंदूरचे, बाकी देवास, धार, पुणे. काळ १७८०च्या आसपासचा, गाव महेश्वर. इतिहासातलं खरं माणूस कोणी घ्यायचं नाही, अहिल्याबाई तर मुळीच नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम. बाई वाड्यात आहेत, त्यांचे हुकूम येतात, बस. (तशी कोणाची हिंमतही नाही. आमच्या आजीला कळलं तर घराबाहेर काढेल.) त्यामुळे सगळे ओसी, म्हणजे आपापली घडवलेली पात्रं.

माझी गोदू. विणकरीण, वय ४२. रंगाच्या कढईत भाजून उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली, म्हणून धोटा (मागावर आडवा धागा नेतो तो) ती तळव्यावर झेलते. दोरीने उडणारा धोटा इंग्लंडात १७३३ला निघाला होता, पण तो तिच्या मागापर्यंत कुठून यायला? तिचा धोटा या हातातून त्या हातात. या सगळ्याचं मूळ आजीच्या महेश्वरी साडीत आहे. काठावर विटांची नक्षी आहे तिच्या, लहानपणी त्या विटा मोजत मी झोपायचे. आणि गोदूला लग्न, प्रेम, काही नको. मागे काही दुःख वगैरे नाही. नको म्हणजे नको.

तर एक सदस्य आहे, त्याचा सरदार सुभानराव. आधी सुभानरावाने गोदूच्या दारात घोडा थांबवला. ठीक. मग मोगऱ्याचा गजरा धाडला. मी गोदूकरवी तो शेळीच्या शिंगाला अडकवला, सगळे हसले. परवा त्याने लिहिलं:

"गोदूच्या नाजूक बोटांतून धोटा निसटला. तिने मान खाली घातली. गालांवर लाली चढली."

नाजूक बोटं! भावाने सराफ्यातून आणलेले गराडू समोर गार होऊन गेले, मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

दुहेरी कंसात (म्हणजे पात्र नाही, मी स्वतः बोलतेय) लिहिलं, "दादा, गोदूचं मी लिहीन. आणि लव्हस्टोरी नको." तर म्हणे, "अगं कॅरेक्टरच तर आहे, तू थोडीच आहेस!" मी कारणं दिली. बोटांचं सांगितलं, तर "वैद्य आणतो, बरी करू." वय सांगितलं, तर "बेचाळीस म्हणजे काय म्हातारी का?" ती एकटी खूश आहे म्हटलं, तर "तेच तर बदलायचंय." अॅडमिन म्हणते, जरा अॅडजस्ट कर, त्याने एवढं मन लावून लिहिलंय.

मी जास्तच मनाला लावून घेतेय का? आणि आपल्या पात्राबद्दल नाही म्हणायला कारण द्यावंच लागतं का?

जुना_टर्मिनलवाला
वडोदऱ्याहून. पन्नाशी उलटलेला माणूस आहे, हसू नका, पण कॉलेजात असताना काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आम्ही हेच खेळायचो. नुसत्या अक्षरांवर चालणारा असा पहिला खेळ १९७८ला इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातल्या मुलांनी केला होता. तुमचं डिस्कॉर्ड २०१५चं. मधल्या काळात यंत्रं बदलली, सुभानराव तोच.

त्याने जे केलं त्याला गॉडमोडिंग म्हणतात. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, त्याला काय वाटलं, हे आपणच लिहून टाकायचं. घोडा थांबवणं त्याचं. गजरा धाडणंही त्याचं. धोटा निसटला की नाही, ते गोदूचं. सुभानराव दारात उभा राहिला की त्याचं वाक्य संपलं, पुढची पाळी तुझी.

कारणाचं म्हणशील तर देऊ नकोस. कारण दिलंस की घासाघीस सुरू. तो वैद्य तिथूनच तर आला! समोरासमोर बसून खेळणारे लोक टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवतात, त्यावर नुसती फुली. खेळात काही नको वाटलं की कार्डाला बोट लावायचं. ती गोष्ट तिथल्या तिथे गाळतात आणि पुढे जातात. का, म्हणून कोणी विचारायचं नाही, हाच त्या कार्डाचा कायदा. तुमच्या अॅडमिनबाईंना हे सांग. एक इमोजी ठरवा, काम झालं.

पोहे_शेव_जास्त
ताई, मी पण इंदूरचाच, राग मानू नको. पण भिया, थोडी चूक तुझी पण आहे. ओसीची ओळख तू पानभर लिहिली असशील. बोटं, धोटा, शेळी, सगळं. त्यात "हिला लव्हस्टोरी नको" हे कुठे आहे?

आणि शेळीच्या शिंगाला गजरा म्हणजे नकार नाही, तो सीन झाला! मी असतो तर मलाही वाटलं असतं की ही खेळून राहिली आहे, पुढचा गजरा गाईच्या शिंगाला. आरपी दोघांचं असतं. एकटीचंच चालवायचं तर कथा लिही ना, कोणी अडवलंय?

आडवा_धागा
शेळीचं पटलं. खरंच पटलं. तिथे मला टाळ्या हव्या होत्या आणि नकारही द्यायचा होता, दोन्ही एकदम. आज ओळखपानात सगळ्यात वर घातलंय: "प्रेमकथा नको. दुखापत, आजार, गरिबी चालेल. मरण विचारून. चित्र काढलंत तर आखडलेली बोटं आखडलेलीच काढा."

पण दुहेरी कंसात सरळ मराठीत लिहिलं होतं, तो काही सीन नव्हता. त्यानंतर वैद्य कशाला?

किल्ल्याखालची
मी ग्वाल्हेरची, आणि मी उलट्या बाजूची. मी ओसींसोबत खेळतच नाही. पुराणातली, सगळ्यांना माहीत असलेली पात्रं घेते, समोरचाही तसाच हवा. प्रोफाइलवर पहिली ओळ तीच आहे. तरी दर आठवड्याला एक निरोप येतो, "माझी ओसी वेगळी आहे, एकदा भेट तर." अहो, वेगळी असेल, गुणाची असेल, मला नाही जमत. ज्याची गोष्ट मला आधीच ठाऊक आहे त्याच्याशी बोलायलाच मला मजा येते.

एक मात्र कबूल करते. आधी मी नाही म्हणताना वर टोमणा मारायची, "ओसी म्हणजे सगळ्या मेरी स्यू." हा शब्द १९७३ला चाहत्यांच्याच एका मासिकातल्या विडंबनातून आला, सगळ्यांत हुशार, सगळ्यांची लाडकी अशा नायिकेवरून. एका मुलीला मी तो लावला. तिने आपलं पात्रच पुसून टाकलं. तेव्हापासून नाही म्हणते आणि गप्प बसते.

हरबा_नावाडी
मी याच सर्व्हरवर आहे. इथे लिहू की नको, असं चाललं होतं.

आडवा_धागा, तुमची तक्रार रास्त आहे. सुभानरावाने तसं लिहायला नको होतं. पण पावसाळ्यात पुराचा सीन तुम्ही लिहिलात, आठवतो का? मी काकांच्या तेराव्यामुळे पंधरा दिवस गावी होतो. परत येऊन बघतो तर हरबाची होडी बाणेश्वराच्या खडकावर फुटलेली आणि "हरबा दिसेनासा झाला." सीन सुंदर होता. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग होती. मीही एक टाकला.

हरबा मान डावीकडे कलती ठेवून बोलतो, ती माझ्या आजोबांची लकब. तुम्हाला कसं कळणार, मी कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी नवीन पात्र घेतलं नाही, नुसता वाचतो.

पोहे_शेव_जास्त
अरे बाप रे.

आडवा_धागा
पाच मिनिटं काही टाइप झालं नाही.

चूक झाली, दादा. तेव्हा मला वाटलं सीनला कोणीतरी जायला हवं, तुम्ही दिसत नव्हतात, घेतलं नाव. विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सुभानरावालाही सीनच दिसला असणार. (त्याने काल पोस्ट एडिट केली, तसं सांगते. "नाजूक" काढलंय. लाली आहे तशीच. अॅडमिनला कार्डाचं सांगितलंय, उद्या बघते म्हणाली.)

तो सीन मी काढून टाकू का? की "दिसेनासा झाला" एवढंच लिहिलंय म्हणून तो कुठेतरी लागला असं करायचं? सहस्रधारेच्या खाली कुठे... नाही, मी लिहीत नाही. तुम्ही सांगा.

हरबा_नावाडी
सीन राहू दे, चांगला आहे.

हरबा खलघाटला लागला. एका म्हातारीच्या ओट्यावर पडून होता, पाय मोडलेला. आता चालत परत निघालाय, दोन दिवसांत पोचेल. होडी नाही, पैसे नाहीत. थेट गोदूच्या दारात येईन म्हणतो, उसने मागायला. चालेल?

आडवा_धागा
चालेल. पण व्याज लावेल ती.