बी.फार्म. झालेल्या मुलानं एमआर व्हावं का?

तासगावकर:
पुतण्या यंदा बी.फार्म. झाला. एका औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा विक्री प्रतिनिधी) म्हणून निवड झालीय, हेडक्वार्टर म्हणजे कामाचं मुख्य गाव सोलापूर. घरात दोन तट पडलेत. दादा म्हणतो, एवढं शिकून बॅग घेऊन दारोदार हिंडायचं? माझं मत स्पष्ट आहे, त्यानं जावं. दवाखान्यात पेशंटची रांग असताना अनोळखी डॉक्टरांपुढे दोन मिनिटांत मुद्दा मांडायला कुठलंही कॉलेज शिकवत नाही. सेल्स म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडतात, ते मला पटत नाही.

गोदाकाठ:
मी मराठवाड्यात हेच काम केलंय. नको म्हणेन. डॉक्टरांच्या भेटी हा सोपा भाग. खरा त्रास महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. टार्गेट भरत नाही, मग एरिया मॅनेजरचा सकाळ-दुपार-संध्याकाळ एकच फोन: "क्लोजिंग किती देतोस?" म्हणजे महिनाअखेरीला विक्रीचा आकडा किती. स्टॉकिस्टच्या (घाऊक वितरकाच्या) हातापाया पडून माल उचलायला लावायचा. कंपनीच्या कागदावर प्रायमरी सेल (स्टॉकिस्टला झालेली विक्री) दिसतो, पण केमिस्टकडे माल हललेलाच नसतो. काही महिन्यांनी तोच माल एक्सपायरीत परत येतो आणि तुमच्या आकड्यातून वजा होतो. तोवर मॅनेजर बदललेला असतो. बी.फार्म.वाल्यानं क्यूए (औषधाच्या गुणवत्तेचं काम) किंवा रेग्युलेटरीत (सरकारी मंजुऱ्यांचं काम) जावं.

मृण्मयी_ठाणे:
गोदाकाठ, त्रास खरा आहे, पण तुमचा सल्ला पटला नाही. मी औषध कंपनीच्या मार्केटिंगमध्ये आहे. ज्यांनी फील्ड केलंय त्यांचं बोलणं मीटिंगमध्ये वेगळं कळतं. केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून आरसीपीए (डॉक्टर कुठले ब्रँड लिहितात याची पाहणी) केलेला माणूस सांगू शकतो की डॉक्टर आपला ब्रँड का लिहीत नाहीत: किंमत, गोळीचा आकार की दुकानात माल नसणं. हे ऑफिसात बसून कळत नाही. ब्रँड मॅनेजर व्हायचं असेल तर फील्ड करून मग एमबीए, हा रस्ता मला सगळ्यात भक्कम वाटतो.

डॉ_पंढरपूर:
टेबलाच्या पलीकडून सांगते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डोस किती कमी करायचा, हे विचारल्यावर नीट सांगणारा एमआर मला हवा असतो. तसे थोडेच येतात, आणि ते बहुधा फार्मसी शिकलेले असतात. भेटवस्तूंचं म्हणाल तर मार्च २०२४च्या यूसीपीएमपीनं (औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीची सरकारी आचारसंहिता) त्यावर बंदी आणलीय. सॅम्पलही एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला १२ पॅकच. म्हणजे ज्ञानावर काम करणाऱ्याला आता जास्त वाव आहे.

गोदाकाठ:
डॉक्टर, ती संहिता आहे, कायदा नाही. तक्रार जाते ती कंपन्यांच्याच संघटनेच्या एथिक्स कमिटीकडे. भेटवस्तूंवरच्या खर्चाला करसवलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच सांगितलं. त्यानंतरही अमुक डॉक्टरचं 'काम' कर, म्हणजे भेट पोचव, असा तोंडी निरोप येतच होता. लेखी कोणी देत नाही. नाही म्हटलं की इन्सेंटिव्ह बुडतो, नाहीतर लांबची टेरिटरी मिळते. बावीस वर्षांच्या पोरानं हे कुणाकडे सांगायचं?

डॉ_पंढरपूर:
हे मान्य. घेणारे डॉक्टर आहेत म्हणूनच देणारे आहेत, दोष एकट्या कंपनीचा नाही.

तासगावकर:
माझं मत अजून तेच आहे, पण क्लोजिंगचं हे मला माहीत नव्हतं. रुजू होण्याआधी काय विचारून घ्यावं?

मृण्मयी_ठाणे:
नियुक्तीपत्र हातात घ्या. विक्री प्रतिनिधींना ते देणं १९७६च्या कायद्यानंच बंधनकारक केलं होतं, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी यातलं एक्स-स्टेशन (त्याच दिवशी परत यायचं गाव) कुठलं, आउटस्टेशन (मुक्कामाचं गाव) कुठलं आणि डीए (रोजचा भत्ता) किती, हे लिहून घ्या.

गोदाकाठ:
आणि त्या टेरिटरीचा आधीचा एमआर का गेला ते विचारा. कंपनीला नाही, सोलापुरातल्या स्टॉकिस्टला. त्याच्याकडे किती माल पडून आहे तेही तोच सांगेल. गोदाम भरलेलं असेल तर दादांचं ऐका.