प्रति: कोकेन आणि गर्भाचे डोळे
आई कोकेन घेत असेल तर बाळ आंधळंच जन्मतं असं वर लिहिलंय, पण ते इतकं सरळ नाहीये. १९८० मध्ये गाभण उंदरांना कोकेन टोचून बघितलं तेव्हा काही पिल्लांना डोळेच नव्हते, काहींच्या डोळ्यातलं भिंग बिघडलेलं, हे खरंय, आणि कोकेनने रक्तवाहिन्या आवळतात म्हणून गर्भाला रक्त कमी पडतं हे त्याचं एक कारण सांगतात. माणसांत मात्र गुंता होतो, कारण कोकेन घेणाऱ्या बऱ्याच जणी दारू-सिगारेटही घेतात, आणि एकट्या दारूनेसुद्धा बाळाची ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) बारीक राहू शकते, मग नेमका दोष कशाचा? आणि प्लीज, अशा बाईला आंधळं बाळ होईल म्हणून घाबरवू नका हो, ती तपासणीलाच यायची नाही.